मोठ्या गुरुजींचं दळण

मोठे गुरुजी दळायला बसले की मधली सुट्टी निम्मी सरली, असं आमच्या शाळेतली पोरं धरून चालायची. ऑफिस म्हणजे कोपऱ्यातली एक खोली. तिच्यात एक टेबल, एका दाराचं कपाट आणि हातांची एक खुर्ची. डबा संपवून गुरुजी त्या खुर्चीत बसत, टोपी डोळ्यांवर ओढत आणि दोन मिनिटांत झोपी जात. मग आतून आवाज सुरू होई. कर्र, कर्र, कर्र. मध्येच एक कट्ट. पुन्हा कर्र.

शाळेतल्या माझ्या पहिल्याच दिवशी मला वाटलं, कपाटात घूस शिरली. मी माझी लाकडी पट्टी घेऊन आत धावले. घूस कुठली! आमचे मुख्याध्यापक झोपेत दात खात होते.

"भेऊ नका बाई," दारातून तिसरीतली एक मुलगी मला समजावणीच्या सुरात म्हणाली, "मोठे गुरुजी दयून राह्यले."

दळून राहिलेत, म्हणजे. इकडे 'ळ' उच्चारायची कोणाला फारशी गरज पडत नाही.

सत्तर साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. आजचा वाशीम जिल्हा तेव्हा अकोल्यातच होता, त्यामुळे आपल्याच जिल्ह्यात नेमणूक मिळाली म्हणून मी अकोल्यात पेढे वाटून निघाले होते. मेडशीच्या फाट्यावर एसटीतून उतरून पाऊण तास ज्वारीतून चालल्यावर ते पेढे परत मागावेसे वाटले. गावात सातवीपर्यंतची शाळा आणि शिक्षक आम्ही तिघं. मोठे गुरुजी, धाकटे गुरुजी आणि मी, म्हणजे बाई. धाकटे गुरुजी माझ्याहून वीस वर्षांनी मोठे होते, केस पांढरे झाले होते, पण शाळेत ते धाकटेच. त्यांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. त्यांनी कशाबद्दलच कधी तक्रार केली नाही.

मोठे गुरुजी अंगाने काडी, पण जबडा पैलवानाचा. कानांच्या खाली, दोन्ही बाजूंना, सुपारीएवढ्या गाठी होत्या. दात आवळले की त्या गाठी वर येत आणि नाचत. हसले की दिसे, सगळे दात एका उंचीचे, सुताराने रंधा मारावा तसे. सुळे नावाचा प्रकार त्यांच्या तोंडात उरलाच नव्हता.

माझी खोली त्यांच्या घराला लागून होती. गुरुजींच्या बायकोला सगळं गाव काकू म्हणे, म्हणून मीही. मी एकदा काकूंना विचारलं, "काकू, तुम्हाला झोप कशी लागते हो?"

"आता आवाज बंद झाला त जाग येते मले," काकू भाकरी थापता थापता म्हणाल्या. "पन आधी नव्हते दयत हे. छडी होती तवा मस्त झोपत जाय. छडी सुटली न जातं सुरू झालं."

मी ते हसण्यावारी नेलं. त्या घरात काकूंचं म्हणणं हसण्यावारी न्यायची पद्धतच होती, आणि मी नवी असूनही ती लवकर उचलली.

गुरुजी एके काळी भयंकर मारकुटे होते, हे मला खरंच वाटत नसे. ते स्वतः मात्र लपवत नसत. "असा मारत होतो बाई, का वर्गात माशी बसत नव्हती." छप्पन साली ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. पाच शीलं सगळ्यांनीच घेतली. गुरुजींनी परतीच्या गाडीत आपलं स्वतःचं एक सहावं जोडलं. पोरावर हात उचलायचा नाही आणि आवाज चढवायचा नाही. घरी येऊन त्यांनी छडी अंगणात रोवली आणि तिच्यावर वालाचा वेल चढवला. वेल दर वर्षी नवा, छडी तीच. मी त्या छडीवरच्या शेंगांची भाजी चार वर्षं खाल्ली.

"पण एवढं मारायचात कशाला?" मी विचारलं होतं.

"तवा पोराचा हात हातात धरून गिरवून घेता येत नव्हतं न, बाई. आमचा हात लागला का पोराची माय घरी नेऊन त्याले आंघोय घाले. छडीले मात्र इटाळ नव्हता. छडी लागली त कोनी आंघोय घालत नव्हतं." हे सांगून गुरुजी हसत. मला हसू येत नसे.

म्हणून आता ते पहिलीचा वर्ग कोणालाच देत नसत. मुख्याध्यापकाने सातवी घ्यावी, असा सगळीकडचा रिवाज. आमचे मुख्याध्यापक पहिलीच्या सतरंजीवर मांडी घालून बसत आणि बावीस पोरांचे बावीस हात एकेक करून आपल्या हातात धरून अक्षरं गिरवून घेत. पोरांना ते इतकं अंगवळणी पडलं होतं की गुरुजी जवळ आले की हात आपोआप पुढे येई.

आता, एखादं पोर 'द' चाळिसाव्यांदा उलटा काढतं तेव्हा माणसाला राग येतोच. मला तर तिसऱ्यांदाच येतो. गुरुजी म्हणत, "शाब्बास, आता आपन पुन्हा काढू," आणि आवाज अगदी साखरेचा. पण कानाखालच्या सुपाऱ्या थाडथाड उडत असत. नेम त्यांचा होता, आमच्यावर सक्ती नव्हती. पण त्या सुपाऱ्या बघून आम्हालाही ओरडायची लाज वाटे आणि मग आमचेही दात आवळले जात.

गावाचं निदान ठरलेलं होतं. झोपेत दात खातो म्हणजे पोटात जंत. वैद्यबुवांनी वावडिंगाची पूड गुळातून घ्यायला सांगितली आणि वर एरंडेल. गुरुजींनी विचार केला आणि सकाळच्या प्रार्थनेनंतर जाहीर केलं, "मले या वयात जंत असतीन, त पोराइले नसतीन काय?" आणि एका शनिवारी सगळ्या शाळेने रांगेत उभं राहून वावडिंग आणि एरंडेल घेतलं. पहिली ते सातवी, शिवाय धाकटे गुरुजी, शिवाय मी. त्या शनिवारचं वर्णन मी करणार नाही. शाळेमागे पाटलांचं तुरीचं वावर होतं आणि पाटील नंतर आठ दिवस आमच्याशी बोलले नाहीत, एवढं सांगते. पोरांचे जंत मात्र खरोखर पडले, पोरं अंग धरू लागली, आणि आयाबाया गुरुजींना दुवा देऊ लागल्या. सोमवारी दुपारी ऑफिसातून आवाज आला, कर्र, कर्र, कट्ट.

गुरुजींनी ते मनावर घेतलं नसतं. पण एक दिवस 'द'च्याच भानगडीत त्यांच्या समोरच्या दाताचा टवका उडाला आणि त्यांचा 'थ' शीळ घालू लागला. दुसऱ्या दिवशी मी पहिलीवरून जात होते, तर आतून बावीस शिळा ऐकू आल्या. मोठे गुरुजी म्हणतात तसंच म्हणायचं, एवढंच पोरांना ठाऊक. थंडी, थाळी, थेंब, सगळं शिळेसकट. घरोघरी आया विचारू लागल्या की हे नवीन पुस्तकात आलंय का.

त्या दिवशी मी गुरुजींना पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं. ते ऑफिसात बसून हलक्या आवाजात म्हणून पाहत होते, "त, थ, द, ध." मला बघून म्हणाले, "बाई, हे चार अक्षरं दाताचे हायेत. दात गेले त हे कोन शिकवीन? पोरं जनमभर बोयकं बोलतीन न."

शनिवारी मी अकोल्याला घरी जायची होते, त्यांना बरोबर घेऊन गेले. दातांचा डॉक्टर तरुण होता, नुकताच शिकून आलेला. त्याने तोंडात आरसा घातला आणि शीळच घातली.

"गुरुजी, तुम्ही काय खाता?"

"भाकर."

"दगडाची?"

मग त्याने आम्हाला नीट समजावलं. वरचे आणि खालचे दात एकमेकांना लागायचं कारण फक्त जेवताना आणि घोट गिळताना. एरवी ओठ मिटलेले, पण आत दात सुटे, जीभ निवांत. गुरुजींचे दात दिवसभर आवळलेले असतात आणि झोपेत तेच काम पुढे चालतं. जंताबिंतांशी संबंध नाही.

"राग येतो का?" डॉक्टरने विचारलं.

"नाई."

"कधीच नाही?"

"एकोनीस वर्सं झाले."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी गुरुजींच्या कानाखाली बोट दाखवलं. डॉक्टरने दोन्ही सुपाऱ्या दाबून पाहिल्या आणि म्हणाला, "गुरुजी, एकोणीस वर्षांचा राग इथे बसलाय."

परत येताना एसटीत गुरुजी सारखे कानाखाली बोटं लावून पाहत होते. घरी आल्यावर मी काकूंना सगळं सांगितलं, तेव्हा काकू म्हणाल्या, "हे सांगाले अकोल्याले कायले जा लागते?"

डॉक्टरने टवका उडालेल्या दाताची कड घासून शीळ घालवली होती. जबड्याला गरम पाण्याचा शेक सांगितला होता. झोपताना दातांवर चढवायची एक पट्टी बनवून दिली होती, कवळीच्या गुलाबी मसाल्याची. गुरुजींनी ती दोन महिन्यांत आरपार दळली. डॉक्टरने तुकडे हातात घेऊन सांगितलं, "आता खरं औषध एकच. दिवसा दात सोडायची सवय लावा, म्हणजे झोपेतही जबडा हळूहळू ऐकेल. काहीतरी खूण ठेवा. खूण दिसली की दात सोडायचे. आणि ती मागची दाढ चिरलीय. तिला जपा. तुमचं हे असंच चाललं, तर निवृत्तीच्या आधी तोंड रिकामं होईल."

निवृत्तीला पाच वर्षं होती. म्हणजे पहिलीचे पाच वर्ग, असा गुरुजींनी हिशेब केला.

खूण म्हणून त्यांनी शाळेची घंटा निवडली. घंटा म्हणजे निंबाला टांगलेला आगगाडीच्या रुळाचा तुकडा. तासातून एकदा वाजून भागणार नव्हतं, म्हणून दर पंधरा मिनिटांनी. ते काम धाकट्या गुरुजींकडे, कारण चालणारं घड्याळ त्यांच्याकडेच होतं. आणि गुरुजी एकटे कधी काही करत नसत, हे वावडिंगाच्या शनिवारी आम्हाला कळलेलंच होतं. "पोरंही गनित करतानी दात आवयतेत, मी पाह्यलं," ते म्हणाले. "आतापासून घंटा झाली का सगळे. ओठ मिटा, दात सोडा."

हे दिसतं कसं, ते स्वतः आरशासमोर करून बघा. ओठ मिटून आतले दात सोडले की चेहरा लांब होतो, गाल लोंबतात आणि डोळ्यांतली सगळी हुशारी निघून जाते. रवंथ करता करता म्हैस मध्येच थांबावी, तसं. टण्ण झालं की शाळेतले नव्वद चेहरे एकदम तसे होत, पाच श्वास तसेच राहत आणि मग पुन्हा पाढे सुरू. लवकरच शाळेशेजारच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बायाही घंटा ऐकून हनुवटी सोडू लागल्या. पारावरचा न्हावी टण्ण झालं की वस्तरा थांबवी, कारण गिऱ्हाइकाचा गाल खाली यायचा. पाहुणे आले की आमच्या गावाची कीव करून जात.

आणि गुण येत होता. दुपारचं दळण कमी झालं होतं. कर्र होतं, पण कट्ट गेलं होतं. काकू म्हणाल्या, "आता बारीक पडून राह्यलं."

मग तपासणीचे साहेब आले.

जीप निंबाखाली थांबली. साहेब पस्तिशीचे, सफारीतले, इस्त्रीचे. उतरताच ते गुरुजींच्या पाया पडले.

"ओळखलं का गुरुजी? दोन वर्षं तुमच्या वर्गात होतो, तिकडे किन्हीराजाच्या बाजूला होतात तेव्हा. हे बघा." साहेबांनी उजवा तळवा दाखवला. "या हातावर तुमच्या छड्या खाल्ल्या, म्हणून आज जीपमध्ये बसतो."

साहेबांना वाटलं, गुरुजी खूश होतील. गुरुजींचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. ते त्या तळव्याकडे बघत राहिले आणि सुपाऱ्या वर आल्या.

"आणि ऐकतो काय, तुमच्या शाळेत आता छडीच नाही म्हणे? शिस्त कशी राहते मग?"

"राह्यते, साहेब," गुरुजी म्हणाले. दाढ. मला फक्त ती दाढ आठवत होती.

साहेब पहिलीच्या वर्गात आले. मी दारात उभी. त्यांनी पुढच्या रांगेतली एक पोर उठवली. दोन वेण्या, एकीची रिबीन सुटलेली. "फळ्यावर ध काढ." तिने जीभ बाहेर काढून मोठ्या कष्टाने ध काढला, चांगला काढला, आणि साहेब काय म्हणतात हे बघायला वळली. तेवढ्यात बाहेर टण्ण झालं.

धाकट्या गुरुजींना आज घंटा वाजवू नका असं सांगायला आम्ही विसरलो होतो. आणि न सांगता न वाजवणं हे त्यांच्या स्वभावात नव्हतं.

बावीस चेहरे लोंबले. सवयीने माझाही लोंबला. आणि ती पोर साहेबांपासून हातभर अंतरावर, त्यांच्या तोंडाकडे थेट बघत, गाल सोडून, हुशारी घालवून उभी.

"काय गं, वेडावतेस मला?" साहेब लाल झाले. तिने पाच श्वास पुरे व्हायचे म्हणून उत्तर दिलं नाही. "सगळा वर्ग वेडावतोय! ही शिस्त?" टेबलावर पट्टी होती. माझीच, घुशीवर धावले होते ती. मीच ती तिथे विसरले होते, आणि त्याबद्दल मला आजही चैन पडत नाही. साहेबांनी ती उचलली. "हात पुढे कर!"

पोरीने लगेच हात पुढे केला. हसून. खडूसकट. तिला वाटलं, साहेब हात धरून गिरवून घेणार. त्या वर्गात हात पुढे करायचं दुसरं कारण तिला माहीतच नव्हतं.

पट्टी वर गेली आणि कट्ट असा आवाज झाला. पट्टीचा नव्हे. गुरुजींच्या तोंडातला.

आणि मग ते तोंड उघडलं.

"पट्टी ठेव खाली बे!"

मी तसा आवाज आयुष्यात पुन्हा ऐकला नाही. निंबावरचे पोपट उडाले. जीपमध्ये डुलक्या घेणाऱ्या ड्रायव्हरने दचकून गाडी चालू केली. पिठाच्या हातांनी काकू घरातून धावत आल्या आणि दारात माझा दंड धरून म्हणाल्या, "हाच! हाच आवाज होता!"

पट्टी खाली पडली होती. साहेब ताठ उभे होते, डावा हात पाठीमागे, उजवा तळवा पुढे, डोळे गच्च मिटलेले. एवढा सफारीतला माणूस, पण हात बरोबर दहा वर्षांच्या पोराच्या उंचीवर आला होता.

"चुकलो गुरुजी," ते म्हणाले. "पुन्हा नाई करत गुरुजी."

कोणी हसलं नाही. गुरुजींनी तोंडातून दाढेचा तुकडा काढला, सदऱ्याच्या खिशात ठेवला, आणि साहेबांचा तो पुढे आलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. साहेबांनी डोळे उघडले.

"हा हात मले तवाच धराचा होता रे, बाबू," गुरुजी म्हणाले. "तवा धरू देत नव्हते. म्हनून छडी धरली. माह्यं चुकलं." त्यांनी पोरीच्या हातून खडू घेतला, साहेबांच्या बोटांत दिला आणि त्यांचा हात धरून फळ्याकडे नेला. "चाल. ध काढू."

दोघांनी मिळून ध काढला. तो पोरीच्या धपेक्षा वाईट आला. गुरुजींनी मग जरा भीत भीत म्हणून पाहिलं, "त, थ, द, ध." चारही अक्षरं जागेवर होती. दाढ मागची होती, तिचा या अक्षरांशी संबंध नव्हता. वर्गाने मागोमाग म्हटलं. साहेबांनीही म्हटलं. मी दारात उभी राहून रडले, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

जाताना साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, "शिस्त समाधानकारक. दात सुटे." ते वाक्य वर कोणी वाचलं असेल आणि काय समजलं असेल, देव जाणे.

नेम मोडला म्हणून गुरुजी जरा खट्टू झाले. साहेब असला तरी शेवटी ते आपलंच पोर, त्याच्यावर आवाज चढवला, असं ते म्हणत होते. काकू म्हणाल्या, "मोडला त मोडला. एकोनीस वर्सं काई कमी झाले काय?" दात खाणं त्या दिवसापासून कायमचं थांबलं, असं मी म्हणणार नाही. शिक्षणखात्यात राहून कोणाचं थांबलंय?

पण त्या दुपारची गोष्ट सांगायची राहिली. जीप गेली, मधली सुट्टी झाली. गुरुजींनी डबा संपवला, खुर्चीत बसले, टोपी ओढली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. ऑफिसातून आवाज नाही. पोरांचा खेळ हळूहळू बंद पडला. एकेक करून सगळी ऑफिसच्या दाराशी गोळा झाली. एका मोठ्या पोराने टोपी काढून हातात घेतली, तेव्हा मात्र मीही दाराकडे धावले.

सुटलेल्या रिबिनीची ती पोर सगळ्यांच्या पायांतून आत गेली. गुरुजींच्या गुडघ्याला धरून तिने टोपीखाली डोकावलं.

"गुरुजी," ती म्हणाली, "आज दयून काहून नाई राह्यले?"

टोपीखाली एक डोळा उघडला. गुरुजींनी तोंडातल्या तोंडात जीभ फिरवून पाहिली, गाल चोळला, कानाखाली बोटाने चाचपलं आणि पुन्हा डोळा मिटला.

"दाने सरले, माय," ते म्हणाले.